रेगेबाईंची साथ

रेगेबाई मासे घेताना कल्ले उचलून बघत, पण बघितलेलं कधी बोलून दाखवत नसत. सरंगा शिळा आहे हे त्यांना टोपलीपासून चार हातांवरून कळे. सारस्वताच्या घरात जन्मलेल्या बाईला ते कळणारच. तरी त्या तो घेत. भाईंदरच्या बाजारात त्यांची ठरलेली कोळीण होती, उत्तनची मंजुळामावशी. एकदा मी बरोबर होतो. पिशवीत पडलेल्या सरंग्याकडे बघून मी नाक मुरडलं, तर बाजाराबाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "अहो प्रधान, आज तिला बरं नव्हतं. चेहरा बघितलात का? एखादा दिवस आपण सांभाळून घ्यायचं."

तो सरंगा मग त्यांच्या इमारतीतल्या मांजरांनी सांभाळून घेतला.

आम्ही दोघं भाईंदर पश्चिमेच्या एका संगीत महाविद्यालयात शिकवत होतो. फरसाणच्या दुकानावर दुसरा मजला, तीन खोल्या आणि एक गॅलरी. प्राचार्य एकदा आठवडाभर युरोपला जाऊन आले आणि आमच्या पाटीवर 'कॉन्झर्वेटरी' हा शब्द चढला. खाली बारीक अक्षरात 'व्यावसायिक कलाकार घडवणारी संस्था'. खालचा फरसाणवाला मात्र पत्ता विचारणाऱ्याला "उपर गाना सिखाते है, सीढी से जाओ" एवढंच सांगे, आणि माणसं अचूक वर येत. मी शास्त्राचा पेपर शिकवायचो. म्हणजे ज्यांना गायचं असतं त्यांना गाण्याविषयी लिहायला लावायचो. बाई गाणं शिकवत, आणि जो कोणी गाईल त्याच्या साथीला पेटी वाजवत.

त्यांचा स्वतःचा आवाज गिरगावात असतानाच गेला होता. गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर बोलायला पुरेल एवढाच उरला. नवऱ्याबरोबर भाईंदरला आल्या तेव्हा सामानाच्या टेम्पोत पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, असं त्या सांगत. नवरा पुढे गेला, मुलगा बंगळुरूला गेला, पेटी राहिली. किडकिडीत अंग, मनगटं इतकी बारीक की बांगडी कोपरापर्यंत चढायची. वाजवायला बसण्याआधी पट्ट्यांवरून घडी केलेला रुमाल फिरवायचा, नखं तपासायची, मग भाता उघडायचा. वर्गात शिरणारा प्रत्येक नवा मुलगा बाईंकडे बघून निश्चिंत होई. का, ते त्याला नंतर कळे.

गवईमंडळी पेटीवाल्याची तारीफ करताना 'छान सांभाळून घेतलं' असं म्हणतात. बाईंची ती ख्याती होती. गाणाऱ्याचा सूर किंचित उतरला की पेटीतून तो सूर अलगद पुढे येई. पंगतीत वाढणारी बाई न विचारता संपलेलंच नेमकं वाढते, तसा. लय सुटायला लागली की सम येण्याआधीच बाई मुखड्याची अशी चाहूल देत की आंधळाही तिथे पोचावा. आणि अंतऱ्याचे शब्द विसरले तर बाई एखादा लांबलचक तुकडा वाजवत. ऐकणाऱ्याला वाटे, आता पेटीची पाळी आहे. तेवढ्यात गाणाऱ्याला शब्द आठवत.

याचा सर्वांत मोठा लाभार्थी म्हणजे आमचे प्राचार्य. वार्षिक समारंभात ते स्वतः गात. त्याआधी त्यांच्या गाण्यावर दोन भाषणं होत, त्यातलं एक त्यांचंच असे. एका वर्षी बिहाग सुरू झाला आणि अंतरा आलाच नाही. प्राचार्यांनी डोळे मिटले, हात वर नेला आणि तो हात हवेत तसाच राहिला. पहिल्या रांगेत वॉर्डातले एक पुढारी बसले होते, त्यांनी मोबाईल खाली ठेवला. बाईंनी पेटी हातात घेतली आणि बिहागाचं असं काही आवर्तन उलगडत नेलं की मागे उभा असलेला चहावाला किटली घेऊन थबकला. दोन आवर्तनं झाली, तिसरं झालं. मग प्राचार्यांचा हात खाली आला आणि त्याबरोबर अंतराही.

कार्यक्रमानंतर हार गळ्यात असतानाच ते विद्यार्थ्यांना सांगत होते, "तिथे मी मुद्दाम विराम घेतला. शांतता हाही सूरच असतो."

"हो ना," बाई म्हणाल्या. "फार मोक्याच्या जागी होता."

मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. त्यात टोमणा शोधूनही सापडला नाही. त्या खरोखरच खूश होत्या; माणूस पडला नव्हता, एवढं त्यांना पुरे होतं.

परीक्षांचंही तेच. बाहेरून परीक्षक येत, विद्यार्थी एकेक करून गात, पेटीवर बाई. समेवर न येणारी मुलं समेवर येत. बेसूर मुलं सुरात येत. परीक्षक प्राचार्यांकडचा मसालेभात खाऊन, शाल घेऊन जात आणि जून महिन्यात फरसाणच्या दुकानावर 'शंभर टक्के निकाल'चा फलक लागे. आम्हा शिक्षकांत हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. आम्ही ते बाईंचं कौशल्य मानत होतो, आणि दर जूनमध्ये फलकाखाली उभं राहून फोटो काढून घेत होतो.

मंजुळामावशीची मुलगी निशा या सगळ्यात आली ती मासळीबाजारातून. कॉमर्सचं कॉलेज सुटलं की ती आईच्या मदतीला येई आणि बोंबील साफ करता करता स्वतःशी गुणगुणे. एक दिवस बाई भाव करता करता मध्येच थांबल्या.

"मावशी, ही कोण?"

"माजी पोर हाय. जल्लं, दिवसभर त्वांड बंद नसतं."

"माझ्याकडे पाठव."

"गाऊन काय व्हनार, बाय?"

"गाणारी होईल."

"आन मंग?"

"मग तेच तिचं काम. तू मासे विकतेस, ती गाईल."

मंजुळामावशीने कोयता फळीवर टेकवला आणि मुलीकडे जरा वेळ बघितलं. "तीन वर्सं देते. न्हाय जमलं तं आमच्या भावाचा बरफाचा कारखाना हाय, थितं बसंल हिशेबाला. मंग मला बोलायचं न्हाय."

करार एवढ्यावर झाला. निशा उत्तनहून बसने येई, कधी कधी आईने दिलेली तळलेली मांदेली घेऊन. प्राचार्यांनी संस्थेच्या पावित्र्यासाठी मांदेली गॅलरीत खावी असा नियम केला, आणि मग दर वेळी गॅलरीत आपणच पहिले जाऊ लागले.

तिचा आवाज मी कसा सांगू? शास्त्राच्या मास्तराने आवाजाचं वर्णन करू नये. भरतीच्या वेळी होडी ओढतात तेव्हा सगळ्यांना ऐकू जावं म्हणून घातलेल्या हाकेसारखा तो मोकळा होता, आणि तरीही गोड. दोष एकच. दमली की सूर खाली येई. एकदम नाही, खालून पाणी झिरपून भिंत बसावी तसा हळूहळू. बाईंना ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं. माझ्यासारख्याला कळलं ते पुष्कळ नंतर, आणि तेही बाईंनी सांगितलं म्हणून.

"मग तिला नुसत्या तानपुऱ्यावर बसवा ना," मी म्हटलं.

"बसवणार आहे हो. आत्ताच नको. आत्ता कुठे तिला वाटायला लागलंय की आपल्याला गाता येतं."

मग दुसरं वर्ष आलं आणि तिसरं. निशा गाई, आणि सूर जिथे बसायला लागे तिथे बाईंचा पंचम येऊन त्याला खांदा देई. त्या दोघींचं गाणं ऐकायला फरसाणवाल्याची बायको जिन्यात येऊन बसे. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच ऐकत होतो ते एक गाणं नव्हतं, दीड गाणं होतं. आणि त्यातला अर्धा भाग कोणाचा, हे कोणी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेची निवडचाचणी आली. निवड झाली तर तिथेच राहून गुरूकडे शिकायचं, विद्यावेतन मिळायचं, आणि बाहेर पडणारा माणूस गवई म्हणूनच बाहेर पडायचा. वयाची अट होती आणि निशाचं ते शेवटचं वर्ष होतं. मंजुळामावशीची तीन वर्षंही तेव्हाच संपत होती. प्राचार्यांनी आपली गाडी दिली, फलकावरच्या मजकुराचा मसुदाही तयार ठेवला. बाईंनी पेटी चादरीत गुंडाळून डिकीत ठेवली आणि घोडबंदरपर्यंत दोनदा गाडी थांबवून ती हलत नाही ना, ते बघितलं.

तिथे पोचल्यावर दारातल्या बाईंनी सांगितलं, "पेटी बाहेर राहू दे. सुरुवातीला फक्त तानपुरा. तबला नंतर."

"अहो, पण साथ…" रेगेबाई म्हणाल्या.

"सगळ्यांना तेच आहे."

निशा आत गेली. आम्ही बाहेर बाकावर, पेटी आमच्या मध्ये. यमन सुरू झाला. सुरुवातीला तो मोकळा आवाज दारातून असा आला की मी बाईंकडे बघून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांची बोटं पेटीच्या बंद झाकणावर टेकलेली होती. जरा वेळाने त्यातलं एक बोट उचललं गेलं आणि लाकडावर दाबलं गेलं. मग दुसरं. आत सूर उतरत होता आणि बाहेर बाई बंद पेटीवर पंचम धरून बसल्या होत्या. शेवटी शेवटी माझ्याही कानाला ते कळलं, म्हणजे आत बसलेल्यांना केव्हाच कळलं असणार.

गाणं मध्येच थांबवलं गेलं. शिपाई चहा घेऊन आत गेला, दार अर्धवट उघडं राहिलं. कोणीतरी सौम्यपणे विचारलं, "शिक्षण कोणाकडे झालं?"

निशाने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि म्हणाली, "सुलभा रेगे."

गुरूचं नाव घेताना कान धरायचा ही आपल्याकडची रीत. एवढं मोठं नाव माझ्या तोंडून निघतंय, क्षमा असावी, असा तिचा अर्थ. मी ती शेकडो मैफलींत दागिन्यासारखी मिरवलेली बघितली आहे. त्या दिवशी ती पहिल्यांदा खरी वाटली. फक्त कान चुकीच्या माणसाने धरले होते.

थोड्या वेळाने समितीतले एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. त्यांनी आधी पेटीकडे बघितलं, मग बाईंकडे.

"तुम्हीच रेगेबाई?"

"हो."

"पेटी फार सुंदर वाजवत असणार तुम्ही."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. चांगल्या वैद्याने नाडी बघून सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि ते पाणी प्यायला गेले. बाई "हो" म्हणाल्या. परतताना घोडबंदरपर्यंत त्यांनी पेटीसाठी एकदाही गाडी थांबवली नाही. बोलली ती निशाच.

"मॅडम, मला सगळं ठीक वाटत होतं. फक्त मधे तुमचा पंचम येतो ना नेहमी, मी त्याची वाट बघत राहिले."

बाईंनी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

निशा बर्फाच्या कारखान्यात हिशेबाला बसली. बाईंनी बाजारात जाणं सोडलं. स्टेशनकडे जायचं तरी त्या मागच्या गल्लीतून लांबचा वळसा घेत. मासे डॉक्टरांनी बंद केले म्हणाल्या. डॉक्टरांनी काहीही बंद केलेलं नव्हतं; ते माझेही डॉक्टर होते. मग एक दिवस मंजुळामावशीने मलाच बाजारात हटकलं.

"मास्तर, बाय रुसली का आमच्यावर?"

"नाही हो. का?"

"येत न्हाय ती. पोरीनं तिचं नाव घालवलं, तवापास्नं येत न्हाय. तीन वर्सं बायनं जीव काढला आन हिनं थितं जाऊन माती केली. कवा त्वांड दाकवू मी तिला?" असं म्हणून तिने बर्फाखालचा सगळ्यात मोठा पापलेट काढून पिशवीत घातला. "ह्यो द्या तिला. बोला, चुकलं आमचं."

मी तो पापलेट घेऊन बाईंकडे गेलो आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. कदाचित सांगायला नको होता. बाईंनी ओट्यावर मासा ठेवला, सवयीने कल्ला उचलला. आत लालभडक होतं.

"ताजा आहे," त्या म्हणाल्या. मग ओट्याला धरून उभ्याच राहिल्या. "ती माझी माफी मागतेय, प्रधान. ती. मी तिला काय तोंडाने सांगू की तुझ्या पोरीला मी तीन वर्षांत एकदाही एकटीला गाऊ दिलं नाही?"

"तुम्ही तिच्या भल्यासाठीच…"

"मला आवडत होतं," बाई म्हणाल्या. "तिच्या गळ्यातून मी गात होते. भलंबिलं काही नाही."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वर्गात पेटी उघडली नाही. फोनवर तानपुरा लावायचा आणि मुलांना गायला लावायचं. चुकलं तर चुकू द्यायचं. पहिल्या आठवड्यात एक मुलगी रडली. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाच्या वडिलांनी येऊन विचारलं की आमचा ओम अचानक बेसूर कसा झाला. "तो आधीपासून आहे," बाई म्हणाल्या, "मी तुमच्यापासून लपवलं होतं." त्या वडिलांनी मुलाचं नाव काढून मीरा रोडच्या दुसऱ्या क्लासात घातलं. तिथे ट्रॅकवर गायला लावतात, आणि ट्रॅक कधी चुकत नाही.

प्राचार्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे गॅलरीचा पडदा लावलेला कोपरा, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"निकालाचं काय, बाई?"

"लागेल तो लागेल."

"आणि वार्षिक समारंभ? माझी साथ?"

"नुसत्या तानपुऱ्यावर गा, सर. शांतता हाही सूरच असतो."

इतक्या वर्षांत बाईंनी मारलेला हा पहिलाच टोमणा असावा. तो मारल्यावर त्यांनाच वाईट वाटलं आणि त्या बाहेर येऊन पाणी प्यायल्या.

आमच्याकडे माणसाला काढत नाहीत, त्याचा सत्कार करतात. बाईंचा झाला. शाल, श्रीफळ, 'असंख्य व्यावसायिक कलाकारांच्या शिल्पकार' असं लिहिलेलं, चौकटीत बसवलेलं मानपत्र. प्राचार्य अर्धा तास बोलले आणि त्यात बाई साधारण पाच मिनिटं आल्या. मग माइक बाईंकडे गेला.

"मी कोणाला घडवलेलं नाही," बाई त्या उरलेल्या बारीक आवाजात म्हणाल्या. "एका चांगल्या गाणाऱ्या मुलीचं मी नुकसान केलं आहे. बाकीच्यांचंही केलं असेल, पण त्यांच्यात एवढं नुकसान होण्यासारखं नव्हतं."

 मग कोणीतरी पहिली टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. प्राचार्य माइक घेऊन म्हणाले, "बघा, ही विनम्रता. ही आजच्या पिढीने शिकायची." बाई टाळ्यांमध्ये उभ्या होत्या. भर चौकात साडीला चिखल लागलेली बाई जशी उभी राहते तशा. मीही टाळ्या वाजवत होतो. हात थांबवले असते तर चार लोकांनी माझ्याकडे बघितलं असतं.

मानपत्र त्या खुर्चीवरच विसरून गेल्या. काही आठवड्यांनी प्राचार्यांनी ते पोचवायचं काम मला दिलं. बाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या गुजराती बाई म्हणाल्या, "वो तो हर मंगलवार उत्तन जाती है. बस से. दोपहर को." रेगेबाई वारल्या, त्याच्या दोनेक महिने आधीची ही गोष्ट. तेव्हा त्या जातील असं काही वाटत नव्हतं. थोड्या वाळल्या होत्या, एवढंच.

मी उत्तनच्या बसमध्ये बसलो. बर्फाचा कारखाना कोणीही दाखवतो. त्याच्या मागे मोकळी जागा होती, बांबूंवर बोंबील सुकत घातलेले. सावलीत मंजुळामावशी जाळं पसरून बसली होती. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं आणि पुढे बघा म्हणून मान हलवली.

बोंबलांच्या रांगेपलीकडे निशा उभी होती. दुपारच्या सुट्टीत आलेली असावी, कानामागे पेन तसंच होतं. मासळीच्या उलट्या टोपलीवर फोन ठेवलेला, त्यातून तानपुरा वाजत होता. पलीकडे दुसऱ्या टोपलीवर बाई बसल्या होत्या. निशाकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून.

"तशीच बसते," मंजुळामावशी हलक्या आवाजात म्हणाली. "त्वांड दाकवत न्हाय. बोलते, माजी मान हालली तरी पोर तिकडंच बगते."

"आता निवड तर होणार नाही ना. वय गेलं."

"तेच मी बोलले. बाय, सोड आता, पोर खाऊन पिऊन हाय. तं बोलते, मावशी, माजं शिकवायचं ऱ्हायलंय." ती जाळ्याच्या गाठीशी खेळत राहिली. "मी काय बोलू? चा देते. चा पिते आन जाते."

"निशाला आवडतं?"

"पयल्या दिवशी भांडली. बोलली, मॅडम, आता कशाला? बाय पाठ करून बसली ती बसलीच. मंग उनात किती येळ बसवायची म्हातारीला? गायली."

निशाने षड्ज लावला. तोच मोकळा आवाज, वाऱ्याने थोडा इकडे तिकडे होत आलेला. ती वर गेली, काही वेळ राहिली. मग मला जाणवलं की सूर बसायला लागला आहे. मला जाणवलं म्हणजे बाईंना कितीतरी आधी. मी त्यांच्याकडे बघत होतो. पाठमोऱ्या बाई ताठ झाल्या होत्या, खांदे कानांपर्यंत आले होते, आणि दोन्ही हात टोपलीच्या कडेला इतके घट्ट धरलेले की वेताची टोपली एका बाजूला कलली.

निशा थांबली. फोन उचलून कानाशी धरला. बराच वेळ ऐकत राहिली.

"ह्ये काय हाय?" मंजुळामावशीने माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या चौकटीकडे बोट केलं.

"बाईंचं कौतुक लिहिलंय."

"मंग द्या की तिला."

"आत्ता नको," मी म्हटलं.

निशाने फोन खाली ठेवला आणि पुन्हा षड्ज लावला. तो बरोबर होता की नाही, मला सांगता येणार नाही. समोरून वारा होता. बाई वळल्या नाहीत. मी ती चौकट पिशवीत खाली सरकवली आणि आलो तसा, बोंबलांच्या मागून, बसच्या थांब्याकडे निघालो.